‘काय’ खायचं ते छापता, ‘किती’ खायचं ते कधी छापणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मधुमेहवाल्यांसाठी सात दिवसांच्या आहाराचं पान छापलंय ना, ते मी सोमवारी अंगणवाडीत बसून सगळं वाचलं, मदतनीस ताई तिकडे खिचडी ढवळत होती आणि मी तिला मोठ्यानं वाचून दाखवत होते. सोमवारी किनोआचा उपमा, मंगळवारी अ‍ॅव्होकॅडो टोस्ट, बुधवारी बदामाचं दूध आणि त्यात चिया. ताई म्हणली, बाई हे शुगरवाल्यांचं आहे का सिनेमावाल्यांचं? आमचं गाव बार्शी तालुक्यात, भाजी पण बाजाराच्या दिवशीच ताजी मिळते, बाकी सहा दिवस वांगी, बटाटे आणि कांदे. आणि त्याच पानावर खाली कोपऱ्यात ‘शुगर मुळापासून घालवा, गोळ्या कायमच्या बंद’ अशी काढ्याची जाहिरात. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, कापलं तरी चालेल पण भाकरीचं आणि सासूबाईंचं तेवढं ठेवा.

मी अंगणवाडी सेविका आहे, वय ५२. पंचवीस वर्षं लोकांच्या लेकरांची वजनं करतेय, उंची मोजतेय, वाढीच्या तक्त्यावर हिरवा पिवळा लाल बघून आयांना सांगतेय याला हे चार, त्याला ते दे. स्वतःचं वजन मात्र कधी केलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. गेल्या फेब्रुवारीत उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी होती, बायका यायला लाजतात म्हणून मीच पुढं बसले की बघा काही दुखत नाही, बोटाला नुसतं टोचतात, आणि मशीनवर आकडा आला २८७. सिस्टर माझ्याकडं बघतेय, मी सिस्टरकडं. बायका मागून विचारतायत कितीय बाई कितीय, मी म्हणलं नॉर्मल आहे. मग तालुक्याला जाऊन लॅबमधून नीट केलं, उपाशीपोटी १६८, जेवून दोन तासांनी २७४ आणि तीन महिन्याची सरासरी शुगर (एचबीए१सी म्हणतात ती) ८.९. वजन ७४ किलो, उंची पाच फूट एक इंच, कंबर ९६ सेंटीमीटर. बाईची ८० च्या आत पाहिजे.

डॉक्टर चांगले होते, घाबरवलं नाही. मेटफॉर्मिन ५०० सकाळ संध्याकाळ जेवणासोबत दिली (पहिले पंधरा दिवस पोटात नुसतं गुरगुर, मग बसलं), आणि म्हणाले गोळीपेक्षा वजन कमी केलंत तर जास्त फरक पडेल, साधारण सात-आठ किलो तरी. कसं करू विचारलं तर त्यांनी छापील कागद दिला, त्यावर ‘हे खा’ आणि ‘हे खाऊ नका’ असे दोन रकाने. ‘हे खा’ मध्ये पहिलंच नाव ज्वारीची भाकरी. मी खूश! आमच्याकडं तर तिन्ही त्रिकाळ ज्वारीच, मालदांडी, घरच्या रानातली. म्हणजे मी पथ्याचंच खात आले की.

आता इथंच माझं खरं म्हणणं आहे. दीड महिना मी साखर बंद करून, भात बंद करून भाकरीच खाल्ली आणि वजन कमी झालं सातशे ग्रॅम. मग एक दिवस डोक्यात आलं की लेकराचं पाव पाव किलो मोजणारी बाई मी, माझी भाकरी मोजायला काय झालं. लेकीनं मोबाईलवरून स्वयंपाकघरातला छोटा काटा मागवून दिला. काटवटीत पीठ घेतलं जसं रोज घेते तसं, आणि काट्यावर ठेवलं. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ! आमच्या भाकरी मोठ्याच, ताटाबाहेर जाणाऱ्या, आणि मी दुपारी दोन रात्री दोन खात होते. म्हणजे ३६० ग्रॅम पीठ रोजचं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हात पण जवळजवळ तेवढीच, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. नुसत्या भाकरीच्याच साडेबाराशे झाल्या, त्यात कालवण नाही, चटणी नाही, चहा नाही. ज्वारीत चोथा चांगला असतो, ते खरंय, पण चार मोठ्या भाकरी त्या चारच, त्या काय ज्वारीच्या आहेत म्हणून हवेत विरून जात नाहीत. हे कुणीच सांगत नाही, तुमच्या पानावर पण नाही. काय खावं त्याच्यावर पानंच्या पानं, किती खावं त्याच्यावर एक ओळ नाही.

मग मी भाकरी ६० ग्रॅमची केली, एका जेवणाला एकच. थापताना हाताला सवय नव्हती, पोरगा म्हणायचा ही काय पुरी आहे का. त्या बदल्यात कालवण दुप्पट. मटकीची उसळ नाहीतर घट्ट वरण मोठी वाटी, पालेभाजी असेल तर ती ताटात निम्मी, काकडी कांदा मुळा जे असेल ते, दोन दिवसाआड अंडी. अंडी मी पूर्वी खात नव्हते, आता सोमवार गुरुवार सोडून खाते. आणि एक बघितलं, आधी उसळ भाजी खाऊन घेतली आणि भाकरी शेवटी खाल्ली तर दोन तासांनी मशीनवर आकडा कमी येतो. त्याच जेवणाला भाकरी आधी खाल्ली तेव्हा १९६ आला, शेवटी खाल्ली तेव्हा १६८. दोनदाच करून बघितलं, एक पट्टी वीस रुपयाला पडते, रोज रोज कोण करणार.

चहाचं तर विचारूच नका. आमचं काम गृहभेटीचं, ज्या घरी जाल तिथं चहा. पाच कप कुठंच गेले नाहीत, कपाला दोन चमचे साखर, एका चमच्यात पाच ग्रॅम धरा, पन्नास ग्रॅम साखर रोज, म्हणजे दोनशे कॅलरी निव्वळ लोकांच्या मनासाठी. ‘बिनसाखरेचा टाका’ म्हणलं तर गप्प बसतात, ‘नको’ म्हणलं तर ‘आमच्या घरचा चालत नाही व्हय’. एका घरी गुळाचा करून दिला, म्हणे गुळानं शुगर वाढत नाही! गूळ ती उसाचीच साखर हो, थोडं लोह बिह असेल पण मशीनला ते कळत नाही, मशीनला साखरच दिसते. आणि तुमच्याच पुरवणीत संक्रांतीला ‘मधुमेहींसाठी शुगर फ्री गुळाचे लाडू’ छापून आले होते ते मी कापून ठेवलेत. आता मी सरळ सांगते, मला शुगर आहे. पहिल्यांदा सांगायला जीभ जड झाली, पण सांगितल्यावर त्या घरातल्या दोघीजणी हळूच म्हणाल्या, बाई आम्हाला पण आहे, कुणाला सांगू नका.

तेलाचा हिशोब पण केला. आम्ही घरात पाच माणसं, महिन्याला सहा लिटर लागायचं, म्हणजे माणशी रोजचं ३७ ग्रॅम. आता चार लिटरमध्ये भागतं, २४-२५ ग्रॅम. भाजीची चव कमी झाली असं कुणी म्हणलं नाही कारण मी कुणाला सांगितलंच नाही. शेंगाचटणी मात्र सुटत नव्हती. सोलापूरकडच्या माणसाला शेंगाचटणी सोड म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, तुम्ही पुण्या-मुंबईचे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. शुगर त्यानं फारशी चढत नाही, वजन मात्र खाली येऊ देत नाही. पहिले चार किलो दोन महिन्यात गेले, त्यानंतर तीन महिने काटा ढिम्म हलला नाही, मला वाटलं काटाच बिघडलाय, अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर चढून बघितलं तिथं पण तेच. मग ध्यानात आलं, कूट करताना मूठभर तोंडात, खिचडीची चव बघताना दोन घास, नातवानं ताटात टाकलेला अर्धा पराठा, कढईला लागलेला शिरा. टाकवत नाही ना. आमच्या पिढीच्या बायकांचं असंच, उरलं की आपल्या पोटात. एक आठवडा वहीत लिहिलं तर न वाढून घेतलेलं खाणंच तीनशे-चारशे कॅलरीचं निघालं. तुमच्या आहाराच्या पानावर ‘११ वाजता एक फळ’ असतं, पण ‘कढई पुसून खाल्लेलं’ असा रकाना नसतो.

आणि उपास. माझे गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, नवरात्र नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार वेगळेच. नवरात्रात माझी शुगर बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त! उपास म्हणजे पोटाला विश्रांती ना, मग असं कसं? तर साबुदाणा. तो निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला पण नाहीत, वरून तूप, दाण्याचा कूट, बटाटा. गंमत सांगते, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडं तामिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचाच, हिरवी मिरची मेक्सिकोकडची. देवीला भाकरी चालत नाही आणि अख्खी अमेरिका चालते. हे मी सासूबाईंना सांगितलं तर दोन दिवस बोलल्या नाहीत. आता मी उपासाला ताक, दही, काकडीची कोशिंबीर आणि राजगिऱ्याचं छोटं थालीपीठ खाते (राजगिरा पण मूळचा अमेरिकेचाच, पण तो निदान पोटात टिकतो), भगर अगदी वाटीभर.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं, ते सगळ्यात महत्त्वाचं. त्यांना पंधरा वर्षं शुगर, वय ७३, गोळी ग्लिमेपिराइड. माझं वजन उतरलेलं बघून त्या पण मला बघून बघून कमी खायला लागल्या, मला बरं वाटलं. आषाढी एकादशीला त्यांनी सकाळची गोळी घेतली आणि दिवसभर नुसतं पाण्यावर राहिल्या, मला म्हणाल्या तुझ्यासारखं साबुदाणा नको. चारच्या सुमाराला मी घरी आले तर अंगाला दरदरून घाम, हात थरथर, बोलतायत ते असंबद्ध. शेजारीण म्हणाली देवीचं काहीतरी असेल. मशीन लावलं, ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजलं ८१, मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली. शुद्धीत होत्या, गिळत होत्या म्हणून जमलं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि मलाच झापलं. बरोबरच होतं. माझ्या मेटफॉर्मिननं एकट्यानं शुगर अशी खाली जात नाही सहसा, पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं किंवा इन्सुलिननं जाते, तेव्हा ज्याची ती गोळी चालू आहे त्यानं खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, गोळीचा डोस बदलावा लागतो. तुमच्या सात दिवसांच्या पानावर ही एक ओळ पाहिजे होती, चौकटीत, ठळक. दोन वेळा जेवायचं डॉ. दीक्षितांचं डाएट आमच्या तालुक्यात घरोघर पोचलंय, दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, पाऊण तास चाला, माझ्या जावेला त्यानं फायदा झाला मी बघितलंय. मला नाही जमलं, सकाळी नऊला खाऊन निघालं की दोनला डोकं दुखतं. ज्याला जे झेपतं आणि वर्षानुवर्षं झेपेल ते, मारामारी कशाला. पण व्हॉट्सॲपवर बघून सासूबाईंसारखी माणसं आपल्या आपण सुरू करतात, त्याची भीती वाटते.

वजन उतरायला लागल्यावर एक वेगळंच सुरू झालं. ‘वाळली गं बाई’, ‘चेहरा उतरला’, ‘घरात काय झालंय का’, एकीनं तर नवऱ्याला विचारलं की दवाखान्यात नीट दाखवा, कॅन्सर बिन्सर बघा. ७४ किलोची होते तेव्हा कुणी म्हणलं नाही दवाखान्यात दाखवा! लग्नात पंगतीला वाढपी पुढून हलत नाहीत, ‘एवढ्यानं काय होतंय’, आणि नको म्हणलं की मुद्दाम बुंदी टाकून पळतात. रात्री जेवून पंधरा मिनिटं चालायचं ठरवलं (जेवल्यावर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, सरळ मशीनवर दिसतं) तर गावात बाई रात्री नुसतीच चालते हे लोकांना झेपेना, ‘बाई कुठं निघालाय’. मग आम्ही तिघी झालो, पाण्याच्या टाकीपासून शाळेपर्यंत सात फेऱ्या, आता कुणी विचारत नाही. उलट कुत्री पण ओळखतात.

शुगर आपल्यातच एवढी का, यावर पण तुम्ही छापा की. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यातल्या बाळंतपणांचा अभ्यास केलाय, तिथली लेकरं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची, पण आपली लेकरं बारीक असली तरी चरबी टिकवून असतात, मांस कमी. त्यांचा आणि एका इंग्रज डॉक्टरचा शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या डॉक्टर लोकांच्या नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) सारखाच २२.३, पण त्या गोऱ्या डॉक्टरच्या अंगात ९ टक्के चरबी आणि आपल्या डॉक्टरांच्या २१ टक्के. म्हणून आपल्याकडं २३ च्या पुढं बीएमआय गेला की वजन जास्त धरतात, २५ ला लठ्ठ. माझा जन्म १९७३ चा. आई ७२ च्या दुष्काळात पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन. म्हणते तू मुठीएवढी होतीस, कापसात गुंडाळून ठेवलेली. माझी शुगर त्याच्यामुळंच आली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, माझ्या चार भाकरी पण होत्याच. पण आता मी दोन किलोचं बाळ काट्यावर ठेवते तेव्हा त्याच्या आईला नुसतं वजन वाढव म्हणत नाही, कशानं वाढव ते पण बघते. बिस्किटपुडे भरवू नको म्हणून भांडते.

काढ्याच्या जाहिरातीचं. १९५४ चा कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा, त्याच्या यादीत मधुमेह आहे, बरा करतो असा दावा करून जाहिरात करता येत नाही. तरी येते. आमच्या गल्लीतल्या एकानं तुमच्या पेपरातली वाचून गोळ्या बंद केल्या, चार महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून सोलापूरला नेलं. अंगठा गेला. तुम्ही म्हणाल जाहिरात विभाग वेगळा. असेल. पेपर एकच येतो ना घरी.

आणि खरं सांगायचं तर शुगर मागं जाऊ शकते हे खोटं नाही, फक्त काढ्यानं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडात प्रयोग झाला, रॉय टेलर आणि माइक लीन या डॉक्टरांचा, २०१७ मध्ये छापून आला. सहा वर्षांच्या आत शुगर निघालेली, इन्सुलिन नसलेली माणसं घेतली, तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरी, सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत, वर्षानं ४६ टक्के लोकांची गोळ्या बंद करूनही शुगर हद्दीत. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त कमी केलं त्यांच्यात ८६ टक्के. पण दोन वर्षांनी तो आकडा ४६ वरून ३६ वर आला, वजन परत आलं की शुगर परत येते. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरते म्हणून होतं असं त्यांचं म्हणणं. हे छापा ना आकड्यांसकट, लोकांना आशा पण मिळेल आणि हिशोब पण.

माझं म्हणाल तर आज वजन ६३.५ किलो, साडेदहा किलो कमी, कंबर ८७. तीन महिन्याची शुगर ८.९ वरून मेअखेर ७.४, सप्टेंबरात ६.७ आणि परवा ६.४. मेटफॉर्मिन चालूच आहे. ‘मधुमेहमुक्त’ वगैरे मी झाले नाही, कुणी सत्कार करू नये. हुरड्याचे दिवस आलेत, रानात दगडी ज्वारी, गुळाचा खडा, शेंगाचटणी, सगळे बोलावतायत. मी जाणार आहे. पसाभर हुरडा मोजून नेणार नाही, तेवढी काही वाया गेले नाही अजून, पण त्या दिवशी रात्रीची भाकरी नाही.

तर मागणी एवढीच की पुढच्या वेळी आहाराचं पान कराल तेव्हा भाकरी किती ग्रॅमची, वाटी केवढी, तेल चमच्यात किती ते लिहा, आणि एखादा रकाना जी रांधते तिलाच शुगर आहे असं धरून करा. किनोआ बार्शीत कुठल्या दुकानात मिळतो ते माहीत असलं तर तेही कळवा, मदतनीस ताईला एकदा बघायचाय.

पुढची तपासणी मार्चमध्ये. सासूबाईंची पण त्याच दिवशी लावलीय.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, ता. बार्शी, जि. सोलापूर
(नाव छापू नका, अजून सगळ्या गावाला सांगितलेलं नाही)